शेवटची ओळ वाचायला लावलीत म्हणून

ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या शनिवारी तुम्ही माझ्या शेजारी बसून दोन तास दिलेत आणि शेवटची बस गाठायच्या घाईत मी धड आभारही मानले नाहीत. ते आज मानते. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारं आणखी कुणी माझ्यासारखंच अडलं असेल.

मराठी शब्दांची 60,000 ओळींची फाइल एसबीसीएलमध्ये (लिस्पचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वाचून त्याची लिस्ट करायची, एवढंच काम. आठवडाभर मी त्याचा वेग वाढवत होते. सुरुवातीला आणि शेवटी गेट-युनिव्हर्सल-टाइम घ्यायचं आणि वजाबाकी करायची, ही माझी मोजणी. पण ते घड्याळ 1 जानेवारी 1900 पासूनचे पूर्ण सेकंद मोजतं, त्याला सेकंदाचे तुकडे कळत नाहीत. हजार शब्दांवर उत्तर यायचं शून्य, पूर्ण फाइलवर कधी 10, कधी 11. त्या एका सेकंदाला मी सुधारणा समजत होते.

तुम्ही माझ्या कोडला हात लावला नाहीत. "टाइममध्ये गुंडाळ, आणि छापून येईल ते मोठ्याने वाच," म्हणालात. टाइम म्हणजे वेळेचा आणि मेमरीचा हिशोब छापणारी लिस्पमधली सोय. मी वाचलं. प्रत्यक्ष गेलेला वेळ आणि सीपीयू राबला तो वेळ जवळजवळ सारखेच, म्हणजे प्रोग्रॅम डिस्कची वाट बघत बसलेला नव्हता. पुढे गार्बेज कलेक्शनचा, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करण्याचा वेळ. तिथे मी थांबले. "शेवटची ओळ राहिली," तुम्ही म्हणालात.

बाइट्स कॉन्स्ड, म्हणजे प्रोग्रॅमने एकूण मागून घेतलेली मेमरी. आकडा 2,880 कोटींच्या वर.

"तुझ्या यादीला एवढी जागा कशाला लागते?" इतकंच विचारून तुम्ही वाणसामानाच्या पावतीच्या पाठीवर मांडायला घेतलंत. 64 बिटांच्या एसबीसीएलमध्ये एका कॉन्सला, म्हणजे लिस्टच्या एका दुव्याला, 16 बाइट्स, म्हणजे 60,000 शब्दांच्या लिस्टला 9,60,000. मग बराच वेळ तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्या गप्प बसण्याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचेत. कारण तेवढ्यात माझं मलाच दिसलं: लूपमध्ये दर शब्द मी अपेंडने लिस्टच्या शेवटी जोडत होते, आणि अपेंड दर वेळी आधीची अख्खी लिस्ट नव्याने उतरवून काढतं. 60,000 चा वर्ग, त्याचं निम्मं, 180 कोटी कॉन्स. गुणिले 16. पावतीवरचा आकडा स्क्रीनवरच्या आकड्याला येऊन भिडला तेव्हा अंगावर काटा आला.

दर शब्द पुशने लिस्टच्या पुढे लावायचा आणि शेवटी एकदा एनरिव्हर्सने लिस्ट उलटायची, बदल दोन ओळींचा. आता सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. उत्तर तुम्हाला पहिल्या मिनिटालाच दिसलं असणार. तरी ते माझ्या हातून निघेपर्यंत थांबलात, ताई. मनापासून आभार.

आता शब्द वर्णक्रमाने लावायचा भाग रेंगाळतोय. त्याचं टाइम काढून रविवारी येते. सगळ्या ओळी मोठ्याने वाचून दाखवेन, शेवटची आधी.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी