मुक्तास, लंडनला

सांगली, मंगळवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीकडून कळलं, की ‘थोडी सर्दी’ म्हणजे न्यूमोनिया होता आणि दोन रात्री तू सलाइनवर होतीस. त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. चित्राबद्दलच लिहितो.

नॅशनल गॅलरीतून तू पाठवलेला इरॅस्मस, म्हणजे हॉल्बाइन या चित्रकाराने काढलेल्या त्या जुन्या युरोपीय पंडिताच्या चित्राचा फोटो, टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. १५२३ सालचं चित्र, पण गालाची कातडी आत्ताची वाटते. तुझा निबंध तीनदा वाचला. पुस्तकाच्या कडेवर ग्रीकमध्ये ‘हर्क्युलीसचे कष्ट’ लिहिलंय, म्हणजे ग्रंथ तपासणं हाच या माणसाचा पराक्रम, हे तू फार छान मांडलंयस. दामूअण्णांनाही वाचून दाखवलं. पण मला आधी दिसली ती कोटाची फर. तू म्हणशील, फर म्हणजे प्रतिष्ठा. असेल. मला तो गारठलेला दिसतो गं. आक्काने विणलेला स्वेटर बाहेर काढलास, की अजून बॅगेतच आहे?

निघालाच विषय.

१५१७ साली अँटवर्पला क्वेंटिन मॅसाइस हा दुसरा एक चित्रकार इरॅस्मसचं चित्र काढत होता, त्याच्या इंग्लंडमधल्या मित्राला, टॉमस मोरला, भेट पाठवायला. मध्येच इरॅस्मस आजारी पडला. वैद्याने पित्तावर गोळ्या दिल्या. परत समोर बसला तर चित्रकार म्हणाला, चेहरा तो राहिलाच नाही, थोडे दिवस थांबू या. हे सगळं त्याने स्वतः मोरला पत्रात कळवलं. एवढा मोठा पंडित, पण आजार लपवला नाही, मुक्ता. परक्या मुलखात एकट्याने राहायचं तर माणसांना सांगत राहावं लागतं, आणि वेळेवर जेवावं लागतं, आणि

असो. टोचून लिहिलं, माफ कर.

हॉल्बाइनच्या चित्रातले त्याचे हात मात्र तू नीट वाचले नाहीस असं वाटतं. पुस्तक मिटलेलं, दोन्ही पंजे त्यावर टेकलेले. तू त्याला अधिकार म्हणतेस. सातवीत कांजिण्या आल्या तेव्हा तू भूगोलाच्या पुस्तकावर असेच हात ठेवून झोपायचीस. आई ते हळूच काढून घ्यायला गेली की जागी व्हायचीस. तो अधिकार नव्हता, दमलेलं पोर होतं.

इरॅस्मसचे आई-वडील तो शाळकरी वयाचा असतानाच प्लेगच्या साथीत गेले.

मेतकूट आणि सुंठ पाठवतोय. ताप रोज मोजून कळव. आणि चित्रातला इरॅस्मस नेमका कुठे बघतोय ते फोटोत कळत नाही, जवळून पाहून सांग. पण पूर्ण बरी झाल्यावरच जा.

तुझे
बाबा