पपनसाची साल, पऱ्हाट्या आणि तुमच्या बोअरचं पाणी

कोल्हापूर,
१२ जून

प्रिय मंदा,

परवा फोनवर तू विचारलंस, "सालीपासून केलेला तुझा तो चमकणारा कार्बन आमच्या बोअरमधलं फ्लोराइड दाखवेल का?" आणि रेंज गेली. बरंच झालं म्हणते. दोन वाक्यांत 'हो' म्हणून मोकळी झाले असते, आणि तू गावातल्या बायकांना तसं सांगितलं असतंस. म्हणून नीट लिहिते.

आधी हा कार्बन आला कुठून, ते सांगते. २००४ साली अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात काही संशोधक विजेच्या ठिणगीतून तयार झालेल्या काजळीतून कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या वेगळ्या करत होते. त्यात त्यांना असा एक भाग मिळाला, जो अतिनील प्रकाशात उजळत होता. दहा नॅनोमीटरपेक्षाही लहान असलेल्या त्या कणांना पुढे कार्बन डॉट हे नाव पडलं. २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट नावाच्या अशाच चमकणाऱ्या सूक्ष्म कणांच्या शोधाला मिळालं, ते तू पेपरात वाचलं असशील. ते कण वेगळे. त्यांतले सगळ्यात गाजलेले कॅडमियम सेलेनाइडचे, आणि कॅडमियम हे स्वतःच विष. विष शोधायला विषच हाताळायचं, हे मला कधी पटलं नाही. कार्बनकडे मी वळले त्याचं हे एक मोठं कारण.

दुसरं कारण पपनस! गणपतीत माटोळीला टांगतात तेच. २०१२ मध्ये चीनमधल्या चांगचुनच्या संशोधकांनी पपनसाच्या सालीपासून असे कण केले आणि त्यांनी पाण्यातला पारा ओळखला. पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची आपल्याकडची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. त्यांचे कण त्याच्याही विसाव्या हिश्शाच्या आसपासचा पारा टिपत होते. तो निबंध वाचला तेव्हा मी थक्क झाले होते. अजूनही होते.

करायची रीत अवघड नाही. साल वाळवायची, बारीक करायची, पाण्यासह टेफ्लॉनच्या भांड्यात घालून ते भांडं पोलादी कवचात घट्ट बंद करायचं आणि २०० अंशांच्या आसपास काही तास ओव्हनमध्ये ठेवायचं. भांडं बंद असल्यामुळे आत दाब वाढतो आणि पाणी इतकं तापूनही द्रवच राहतं. सालीतल्या साखरा आणि सेल्युलोज त्यात तुटतात, त्यांतलं पाणी निघून जातं आणि उरलेले तुकडे एकमेकांना जोडले जाऊन कार्बनचे कण होतात. बाहेर येतं ते चहासारखं तपकिरी पाणी. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळलं आणि नोटा तपासायच्या दिव्याखाली धरलं, की निळं उजळतं. कितीही वेळा पाहिलं तरी तो निळा रंग दिसला की मी हातातलं काम सोडून बघत राहते.

या कणांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट असतात. पाऱ्याचे किंवा लोहाचे आयन तिथे येऊन चिकटतात, आणि प्रकाश म्हणून बाहेर पडायची ती ऊर्जा दुसऱ्याच वाटेनं निघून जाते. उजेड मंदावतो. किती मंदावला ते मोजायचं आणि त्यावरून पाण्यात धातू किती हे काढायचं. पण फ्लोराइड धातू नाही. ते त्या कणांना असं सरळ चिकटत नाही, म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर थोडं वळसा घेऊन येतं.

तुझ्या पाणी तपासायच्या किटमधली ती लालसर बाटली आठव. त्या रंगात झिर्कोनियम नावाचा धातू धरून ठेवलेला असतो. फ्लोराइड आलं की ते झिर्कोनियम ओढून घेतं आणि रंग फिका पडतो. आमच्याकडेही हीच युक्ती चालते: कणांवर आधी लोह बसवून त्यांचा उजेड विझवायचा, मग तपासायचं पाणी घालायचं. फ्लोराइडला लोहाची फार ओढ. आम्लधर्मी पाण्यात ते कणांवरचं लोह काढून घेतं आणि उजेड परत येतो. तुझं किट रंग उतरताना दाखवतं, इथे विझलेला उजेड परतताना दिसतो, आणि अंधाऱ्या डब्यात तो फोनच्या कॅमेऱ्यानंही टिपता येतो. तू म्हणाली होतीस ना, की सकाळी आणि संध्याकाळी किटच्या रंगकार्डावरचा रंग वेगवेगळा वाटतो? त्या अडचणीवर हा उपाय होऊ शकतो.

आता अडचणी. लोहाची ओढ फॉस्फेटलाही असते, आणि तुमच्याकडे खताचं पाणी जमिनीत मुरतं. मग फॉस्फेटनं परत आणलेला उजेड आपण फ्लोराइडच्या नावावर मांडून बसू. पाणी गढूळ किंवा पिवळसर असलं तर ते स्वतःच प्रकाश खातं. शिवाय साल म्हणजे काही बाटलीतलं शुद्ध रसायन नव्हे. या हंगामातलं फळ आणि पुढच्या हंगामातलं फळ यांची घडण वेगळी, तशी कणांची चमकही वेगळी. प्रत्येक घाण्याला नव्यानं मोजपट्टी लावावी लागते, म्हणजे मात्रा आधीच माहीत असलेल्या पाण्यावर तपासून घ्यावं लागतं. कचऱ्यापासून वस्तू केली म्हणजे ती फुकट झाली, असं लोक धरून चालतात. माझा बराचसा वेळ या मोजपट्टीतच जातो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. आमच्या क्षेत्रात अधिकाधिक कमी मात्रा पकडायची शर्यत लागलेली आहे. पाऱ्यासाठी ती योग्य. पण फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाऱ्याच्या हजारपट. तुमच्या गावाला अब्जांश पकडणाऱ्या कणांचा काय उपयोग? तुम्हाला ०.९ आणि १.८ यांतला फरक भर उन्हात, दगडातून आलेल्या जड पाण्यात, ज्या बाईनं रसायनशास्त्र शिकलेलं नाही तिच्या हातूनही खात्रीनं कळायला हवा. कारण फ्लोराइडला ना वास, ना चव, आणि उकळलं तर पाणी आटून ते वाढतंच. मुलांच्या दातांवर डाग दिसेपर्यंत वर्षं गेलेली असतात. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच बायकांना तपासणी शिकवली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. त्यांच्या हातात जे द्यायचं ते विश्वासाचं असलं पाहिजे.

आणि फ्लोराइडसाठी एक उत्तम साधन आधीपासून आहे, हेही तुला माहीत असू दे. १९६६ मध्ये आलेला लॅन्थॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड, म्हणजे पाण्यात बुडवून मोजायची कांडी. प्रयोगशाळांत अजून तोच वापरतात. माझ्या कणांनी दिलेला आकडा मी त्याच्याशी ताडून बघते. दोन्ही जुळले नाहीत तर खरा आकडा इलेक्ट्रोडचा.

कापसाच्या वाळलेल्या झाडांचं, पऱ्हाट्यांचंही विचारलं होतंस. हो, त्यांचंही होतं, फक्त काम वेगळं. बोंडअळी राहू नये म्हणून तुम्ही शेतातल्या पऱ्हाट्या उपटून जाळता. त्याच हवा न लागू देता भट्टीत तापवल्या तर सच्छिद्र कोळसा मिळतो. तो दळून लगद्यात मिसळला की त्याचा इलेक्ट्रोड करता येतो. विजेचा दाब देऊन पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम आधी त्यावर जमवायचं, मग उलट्या दिशेनं विरघळवताना वाहणारा प्रवाह मोजायचा. फ्लोराइडसाठी याचा उपयोग नाही. पण गावात जुने नळ असतील किंवा जवळ बॅटऱ्या फोडायचं काम चालत असेल, तर शिसं बघायलाच हवं. तसं काही आहे का, कळव.

तर आता तुझं काम. शाळेजवळच्या बोअरचं आणि तुमच्या विहिरीचं, दोन्ही पाणी मला हवंय, वेगवेगळ्या बाटल्यांत. बाटल्या प्लॅस्टिकच्याच घे, काचेच्या नकोत, फ्लोराइड थोडं काचेला लागून राहतं. आधी पंप काही वेळ चालू ठेवून साचलेलं पाणी जाऊ दे, मग त्याच पाण्यानं बाटली विसळून काठोकाठ भर. आम्ल वगैरे काही घालू नकोस. त्याच दिवशी किटवर आलेला आकडा, वेळ आणि बोअर किती फूट खोल आहे ते चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटव. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा जुना अहवाल ग्रामपंचायतीत असेल, त्याचा फोटो पाठव. वहिनी पुढच्या आठवड्यात पांढरकवड्याहून निघणार आहेत ना? त्यांच्याकडेच दे. आणि जमलं तर मूठभर वाळलेल्या पऱ्हाट्या, फवारणी न झालेल्या शेतातल्या.

काकांना नमस्कार सांग.

तुझी,
शुभा