मारेकरी सापडला नाही तरी चौकशी उघड हवी

महोदय,

बल्गेरियन लेखक गिऑर्गी मार्कोव्ह यांना सप्टेंबर १९७८ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलाजवळ मांडीत काहीतरी टोचले आणि चार दिवसांनी ते दगावले. शवविच्छेदनात टाचणीच्या डोक्याएवढी धातूची गोळी निघाली व जानेवारी १९७९ मध्ये कोरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी), एरंडाच्या बियांतील रायसिन या विषाने ही हत्या झाल्याचा निष्कर्ष उघड सुनावणीत नोंदवला. खुनाबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. मृत्यूचे कारण मात्र लोकांसमोर आले. मुंबईतील कोरोनरचे पद १९९९ मध्ये रद्द झाले. ते जसेच्या तसे परत आणावे असे नाही (त्यातही दिरंगाई होतीच), परंतु तपास थंडावलेल्या खुनांत दंडाधिकाऱ्यांनी वैद्यकीय पुरावा नातेवाइकांसमक्ष तपासण्याची तरतूद शासनाने करावी.

– एक वाचक, दादर