रविवार आणि बुधवार

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोन ठेवला आणि आई, रात्रभर तुझा तो पडलेला आवाज डोक्यातून जाईना. म्हणून लिहितेय, फोनवर तू "जेवलीस का" विचारून विषय बदलतेस.

वाडीवरच्या त्या बाईला दिवस राहू नयेत म्हणून दिलेल्या छाया गोळ्या चालू असताना दिवस गेले आणि तिची सासू दारात येऊन तुला नाही नाही ते बोलली. तू म्हणालीस, मी दहावी झालेली आशा, माझंच सांगायचं चुकलं असेल. नाही गं चुकलं. तू सांगितलेलं, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, रविवारी सुरू केली तर रविवार-बुधवार, आणि तीन महिन्यांनंतर फक्त रविवारी. तिची जाऊ म्हणाली एकच घे, मी तर एकच घेते, आणि जावेचंही खरंच होतं कारण तिला चालू करून वर्ष झालेलं. कुणीच खोटं बोललं नाही, नुसतं पहिल्या तीन महिन्यांचं राहून गेलं.

बाबा, तुम्ही विचारता ना पुण्यात कॉम्प्युटरवर नक्की काय करतेस, ते असंच आहे. १९६१ मध्ये एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित चालवत होते, एक गणित मधूनच परत चालवायचं होतं तर त्यांनी ०.५०६१२७ च्या जागी कागदावर छापून आलेलं ०.५०६ टाकलं, कॉफी प्यायला गेले, परत येऊन बघतात तर पुढचं हवामान पार वेगळं! आकडा चुकीचा नव्हता, शेपूट तुटलेलं होतं. सुरुवातीचा बारीक फरक पुढे एवढा वाढत जातो, अशा सिस्टीमला केऑटिक म्हणतात. मी न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, अशा सिस्टीमचा जुना डेटा देते, समीकरण सांगत नाही, ते आपलं आपण पुढचा टप्पा ओळखायला शिकतं, मग तो अंदाजच परत आत टाकून त्याच्या पुढचा काढायचा. २०१८ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या ग्रुपने असाच एक अंदाज, बारीक चूक पावणेतीन पट व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या आठपट वेळ टिकवून दाखवला, आमच्यात ही फार मोठी गोष्ट आहे. पण पुढे तोही सुटतोच. तेव्हा महिनाभर आधी पावसाची तारीख सांगणाऱ्यावर पेरणी करू नका.

आई, माझं नेटवर्क मधेच थांबवून खरी मोजणी आत टाकली की ते परत रुळावर येतं. तू घरोघरी जाऊन तेच करतेस. बायकांना माहिती नसते असं नाही, ती जावेकडून, मावशीकडून, नळावर मिळते आणि प्रत्येक तोंडी थोडी गळते. तांबी पोटात वर चढते म्हणणाऱ्या किती होत्या, आणि तू पिशवीतली ती छोटी टी-सारखी तांबी काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचीस, म्हणायचीस हात लाव, बघ केवढीशी आहे. मी सातवीत असेन, दाराआडून बघायचे. त्या हसायच्या, आणि मग खरे प्रश्न विचारायच्या. छायाने पाळी पुढे जाऊ शकते हे कुणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून कितीजणी घाबरून गोळी सोडतात, हे तूच मला सांगितलंयस.

वाडीवरच्या त्या बाईकडे एकदा जाऊन ये. सासू घरी नसताना. पुढे काय करायचं ते ती ठरवेल, पण तिला वाटत असेल आपणच काहीतरी चुकलो.

मी एक कार्ड बनवलंय, अक्षरं कमी, पहिल्या तेरा आठवड्यांना दोन-दोन चौकोन, नंतर एक-एक, गोळी घेतली की फुली मारायची. तू कालनिर्णयवर लाल पेनने गोल करून देतेस ना, तेच, फक्त प्रत्येकीच्या घरी राहील असं. बाबा, पन्नास प्रती पाठवतेय, तालुक्याला जाल तेव्हा लॅमिनेट करून आणा, पावसाळ्यात कागद टिकत नाही.

तुमची,
ताई