सिस्टर, "कुठल्या बाजूचा?" हे विचारायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

आई आता तासगावला घरी आहे आणि माडीचा जिना न थांबता चढते, हे फोनवर सांगितलंच होतं. तरीही आभार सगळ्यांसमोर मानायचे होते. तुम्ही आम्हाला जे समजावलंत, ते 'पल्मनरी हायपरटेन्शन' (पीएच, म्हणजे फुफ्फुसाच्या धमनीतला वाढलेला दाब) असा शेरा आलेल्या प्रत्येक घराला कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर 'सिव्हिअर पीएच' वाचून आमचं अवसानच गळालं होतं. फुफ्फुसाचं बीपी म्हणजे दमा, की नेहमीचं बीपी, कुणालाच धड सांगता येईना. त्यात एका पाहुण्यांनी दुसऱ्या कुणाला गुण आलेल्या गोळीचं नाव पाठवलं. तुमची ड्युटी संपली होती, पर्स खांद्याला होती, तरी आईच्या कॉटपाशी स्टूल ओढून बसलात. ईसीजीच्या कागदामागं निळ्या पेनानं उजवं हृदय, तांबड्यानं डावं, मध्ये फुफ्फुसं. आणि म्हणालात, "दाब वाढलाय एवढंच रिपोर्ट सांगतो. तो कुठल्या बाजूनं वाढलाय, ते डॉक्टरांना विचारा."

दंडाला पट्टा बांधून मोजतात ते १२०/८० चं बीपी वेगळं आणि उजव्या हृदयातून फुफ्फुसाकडं जाणाऱ्या धमनीतला दाब वेगळा. निरोगी माणसात या धमनीतला सरासरी दाब १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. २० च्या वर गेला की पल्मनरी हायपरटेन्शन. आईचं मूळ डाव्या बाजूला होतं. लहानपणी घसा धरून मग सांधे सुजले होते, त्या र्‍हुमॅटिक तापानं डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप आकसत गेली. झडपेतून रक्त पुढं सरकेना, ते डाव्या वरच्या कप्प्यात तुंबलं आणि दाब मागं फुफ्फुसापर्यंत चढला. "कृष्णेचं पाणी वाढलं की ओढ्याला फुग येते ना, तसं," तुम्ही म्हणालात, आणि आईनं लगेच मान डोलावली.

डाव्या हृदयामुळं होणारा हा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. झडपच बिघडायला हवी असं नाही. अटॅकनंतर कमजोर झालेलं हृदय, वर्षानुवर्षांच्या बीपीनं ताठर झालेलं हृदय, दोन्ही तिथंच नेतात.

शेजारच्या कॉटवरच्या जतच्या मुलीच्या फाइलवरही हेच शब्द होते. तिला मात्र जन्मापासून हृदयाच्या पडद्याला मोठं छिद्र. डावीकडचं जोराचं रक्त उजवीकडं येऊन फुफ्फुसाच्या बारीक धमन्याच जाड झाल्या होत्या. हाही हृदयामुळंच, पण डॉक्टर कारणानुसार पीएचचे पाच गट करतात, त्यात हा पहिल्या गटात आणि आईचा दुसऱ्या. दाब फार वाढला तर प्रवाह उलटा होतो, ओठ-नखं निळी पडतात. त्याला आयझेनमेंगर म्हणतात, आणि त्या टप्प्यावर छिद्र बुजवणं उलट घातक ठरतं. बाकीचे गट फुफ्फुसाच्या आजाराचे, जुन्या गुठळ्यांचे आणि संमिश्र कारणांचे.

पाहुण्यांनी सुचवलेली गोळी सिल्डेनाफिल होती. पहिल्या गटात तिचा उपयोग होतो. डाव्या बाजूच्या आजारात मात्र धमन्या सैलावल्या की आधीच तुंबलेल्या फुफ्फुसात आणखी रक्त जातं आणि पाणी साठण्याची भीती असते. तुम्ही स्वतः हो-नाही काही सांगितलं नाहीत, सरांकडं पाठवलंत. सरांनी ठाम नकार दिला. हा तुमचा संयम मला फार मोठा वाटतो.

बलूनच्या, म्हणजे फुग्यानं झडप उघडण्याच्या, आधी कॅथ लॅबमध्ये बारीक नळी हृदयात घालून खरे आकडे मिळाले, कारण इकोवरचा दाब हा अंदाज असतो. सरासरी दाब ३८, वेज प्रेशर (डाव्या वरच्या कप्प्यातल्या दाबाचा अंदाज देणारा आकडा) २८. वेज १५ च्या वर म्हणजे अडथळा डावीकडं, हे तुमच्या कागदावर आधीच लिहिलेलं होतं. धमन्यांचा विरोधही थोडा वाढला होता, म्हणजे दुखणं मिश्र स्वरूपाचं, डाव्या बाजूचं आणि थोडं धमन्यांचंही. "झडप उघडली की दाब उतरेल, पण पार नॉर्मल होईलच असं धरू नका. बारीक धमन्या सावरायला महिने लागतात," हे तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलं होतंत. म्हणून नंतरच्या इकोत दाब उतरला तरी थोडा जास्तच दिसला, तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. आईची पाणी कमी करणारी गोळी चालू आहे, रोज सकाळी वजन वहीत लिहिते, लोणचं-पापड बंद.

तुमच्या त्या कागदाच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. एक जतच्या मुलीच्या वडिलांना दिली. त्यांना तिच्या कॅथच्या रिपोर्टबद्दल सरांना काय काय विचारायचं ते तुमच्याशी बोलून घ्यायचंय. तुमची परवानगी असेल तर त्यांना घेऊन येते. आईनं तुमच्यासाठी बेदाणा निवडून ठेवलाय, तोही आणते.

आपली,
तासगावची एक लेक