राइट क्लिक बंद नको, नीट मेन्यू द्या

संपादक महोदय,

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की खरेदी केंद्रांवर आणि गावोगावच्या सेवा केंद्रांवर दिवसभर संगणकावर नोंदी चालतात. त्यासाठीच्या अनेक वेब अ‍ॅप्लिकेशनांत राइट क्लिक, म्हणजे माउसच्या उजव्या बटणाने उघडणारा मेन्यू, सरसकट बंद केलेले असते. त्याने माहिती सुरक्षित राहते हा समज चुकीचा आहे. कंट्रोल-सीने कॉपी होतेच आणि एफ-१२ दाबले की पानाचा कोडही दिसतो. अडचण होते ती गट क्रमांक एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या ऑपरेटरची.

त्यापेक्षा तिथे कामाचा मेन्यू द्यावा. शेतकऱ्याच्या ओळीवर राइट क्लिक केले की ‘पावती छापा’, ‘वजन दुरुस्त करा’, ‘गट क्रमांक कॉपी करा’ एवढे पुरे. ‘नोंद रद्द करा’ सर्वांत खाली, रेघेने वेगळे असावे आणि दाबल्यावर नाव व क्विंटल दाखवून पुन्हा विचारावे.

ओळीओळीला कोड जोडू नये. अख्ख्या तक्त्यावर ‘कॉन्टेक्स्टमेन्यू’ हा एकच इव्हेंट (राइट क्लिक झाल्याची ब्राउझरची सूचना) ऐकावा, क्लिक झालेली ओळ ‘क्लोजेस्ट’ने शोधावी आणि ब्राउझरचा स्वतःचा मेन्यू रोखणारे ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ ओळ सापडली तरच लावावे. मजकूर भरायच्या चौकटीत ब्राउझरचाच मेन्यू राहू द्या. पेस्ट तिथेच लागते.

खरी गडबड जागेची होते. मेन्यू ‘पोझिशन फिक्स्ड’ करून, म्हणजे पडद्याच्या मापाने जागा ठरवून, क्लिकच्या बिंदूवर मांडला की वरच्या ओळींवर ठीक दिसतो. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या लॅपटॉपवर शेवटच्या ओळीपाशी मात्र खालचे पर्याय पडद्याबाहेर जातात. पानाला ६४० पिक्सेल उंची मिळाली, क्लिक ६०० वर झाला आणि मेन्यू १८० उंच असेल, तर त्याची वरची कड पानाच्या वरून ४६० पिक्सेलपेक्षा खाली सरकू देऊ नये. रुंदीचेही तसेच. माप घेताना मेन्यू ‘डिस्प्ले नन’, म्हणजे पानावर जागाच न घेणारा, असेल तर उंची शून्य येते. म्हणून ‘व्हिजिबिलिटी हिडन’, म्हणजे जागा धरून अदृश्य, ठेवून मोजावे, मग दाखवावे. शिवाय मेन्यू ज्याच्या आत आहे अशा एखाद्या घटकाला ‘ट्रान्सफॉर्म’ (सरकवणे, फिरवणे) लावलेले असेल तर ‘फिक्स्ड’ची जागा त्या घटकापासून धरली जाते आणि मेन्यू भलतीकडेच उघडतो. तो थेट ‘बॉडी’त, म्हणजे पानाच्या सर्वांत बाहेरच्या घटकात, ठेवला की हा घोळ मिटतो.

बाहेर क्लिक, एस्केप किंवा स्क्रोल झाले की मेन्यू मिटावा. माउस बिघडलेल्या केंद्रावर शिफ्ट-एफ-१० ने तो उघडला पाहिजे. त्यासाठी ओळीवर फोकस (कीबोर्डने होणारी निवड) यायला हवा, पर्याय बाणांनी फिरावेत आणि एस्केपनंतर फोकस त्याच ओळीवर परतावा. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये बोट दाबून धरले की हाच इव्हेंट येतो, आयफोनच्या सफारीत त्यावर विसंबता येत नाही. म्हणून प्रत्येक ओळीत तीन ठिपक्यांचे, निदान ४४ पिक्सेलचे बटण द्यावे आणि त्याने हाच मेन्यू उघडावा.

असे काम करून घेणाऱ्या कार्यालयांना विनंती आहे की, कंत्राटदाराचे बिल काढण्याआधी तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर राइट क्लिक करून पाहा, मग तेच मोबाइलवर करा. तेथे मेन्यू अर्धा दिसला किंवा उघडलाच नाही, तर काम परत पाठवा.

— वेब अ‍ॅप्लिकेशन बनवणारे काही तरुण, ता. दारव्हा, जि. यवतमाळ