तळमजल्यावरच्या काकांस

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन गायिका एटा जेम्सची ‘मिस्टरी लेडी’ ही सीडी आपण मला ऐकायला दिलीत आणि ‘बाई झोपेत गायल्यासारख्या वाटतात’ असा शेरा मारून मी ती चौथ्याच दिवशी परत आणली, तरीही आपण रागावला नाहीत, याबद्दल प्रथम आभार मानतो. ‘ॲट लास्ट’सारखे गाणे खड्या आवाजात गाणाऱ्या या गायिकेने जुन्या जॅझ गायिका बिली हॉलिडेला वाहिलेली ही गाणी इतक्या दबक्या आवाजात का म्हणावीत, हे मला उमगत नव्हते.

आपण वाद घातला नाहीत. विजेच्या बिलाच्या पाठीवर ‘अ अ ब अ’ (अ म्हणजे तीच चाल, ब म्हणजे वेगळी) अशी चार घरे आखलीत, प्रत्येकात आठ बार, म्हणजे तालाची आवर्तने, मांडलेत आणि गाणारीला विसरून फक्त जॉन क्लेटनच्या डबल बासवर, म्हणजे खर्जातल्या त्या मोठ्या तंतुवाद्यावर, बोट आपटत मोजायला सांगितलेत. बत्तीस बार संपले की पुन्हा पहिले घर. ख्याल ऐकत वाढलेला माझा कान ‘ब’च्या घरात अंतऱ्यासारखा तार षड्ज शोधत होता, पण सीडीतल्या 1930 सालच्या ‘बॉडी अँड सोल’ या गाण्यात तिथे षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो, मग मूळ जागेच्याही अर्धा स्वर खाली उतरतो आणि तिथून घरी येतो, हे आपण पेटीवर तीनदा वाजवून दाखवलेत.

त्यानंतर बाईंचा आवाज ऐकू आला. माझे बोट टेबलावर पडून जायचे आणि त्यांचा शब्द मागाहून, सावकाश यायचा. बिलीही अशीच ठेक्यामागे रेंगाळे, पण एटाने तिची नक्कल केलेली नाही, आवाजाची जाडी आणि खरखर स्वतःचीच ठेवली आहे, हेही आपणच दाखवलेत. त्या रिकाम्या जागांत सीडर वॉल्टनचा पियानो किती कमी बोलतो, हे आता कळते. (‘एम्ब्रेसेबल यू’ मला अजूनही जरा गुळचटच वाटते, क्षमस्व.) जन्मभर सोल (चर्चमधल्या गायनातून आलेला भावनाप्रधान गाण्यांचा प्रकार) गाऊन बाईंना पहिले ग्रॅमी मिळाले ते 1994 सालच्या या सीडीसाठी, तेही जॅझ गायनाचे, हे सांगताना आपण खळखळून हसला होतात.

त्यानंतर पुन्हा नेलेली सीडी आठ महिने माझ्याकडे राहिली आणि डबीची खिट्टी माझ्या हातून मोडली. नवी डबी आणली आहे. रविवारी घेऊन येतो. विजेचे बिल मात्र माझ्याकडेच राहू द्यावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी